गल्लीभर मिरवलेला मोरपंखी स्वेटर

ये गं, अशी जवळ सरक. दारातूनच हसतेस होय? सोलापुरात लोकर कशाला, असं म्हणताना जीभ जरा तरी अडखळू दे की. बस, आणि ही लच्छी धर दोन्ही हातांत. हात रिकामे असले की तोंड फार चालतं तुझं.

तुझ्यासारखीच सगळी गल्ली हसायची तेव्हा. सत्तर सालानंतरची गोष्ट. इथं उन्हात कावळासुद्धा सावली सोडत नाही, आणि मी आपली डांबरगोळ्या घालून लोकरीनं ट्रंक भरतेय. सात रस्ता चौकातल्या दुकानात नवा रंग टांगलेला दिसला की पाय पुढं जायचेच नाहीत. विणायचं काय ते नंतर बघू, आधी गालाला लावून बघायची. शेजारीण म्हणायची, "वैनी, आता काय सूर्याला स्वेटर घालणार?"

हीच शेजारीण एक दिवस मागच्या दारानं आली. तिच्या पोरीची दोन स्थळं परत फिरली होती, आता तिसरं होटगीचं यायचं होतं. बाईचा जीव टांगणीला लागलेला. "वैनी, तुमचा तो मोरपंखी द्या की तेवढा."

तेव्हाची रीतच तशी. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन यायची, आणि मागोमाग तिचं हातकाम यायचं. मण्यांचं तोरण, क्रोशाचा रुमाल, स्वेटर. खरंच केलं कुणी, हे विचारायचं नसतं. माझा मोरपंखी स्वेटर तर गल्लीतल्या झाडून सगळ्या लग्नाळू पोरींनी विणला होता! कुणाच्या अंगावर कधी चढला नाही, पण ताटात बसून एवढा मानपान कुठल्या जावयाला मिळाला नसेल.

पाहुणे आले. मुलगा रेल्वेतला, त्याचा मामा आणि आई. मी मदतीला म्हणून स्वयंपाकघराच्या दारात. मुलाच्या आईनं स्वेटर उचलला आणि आधी उलटा केला. मी ओळखलं, ही विणणारी. न विणणारी माणसं स्वेटर पुढून बघतात.

"पोरी, तू विणलास?"

पोरीच्या आधी आईच म्हणाली, "हो तर! रात्रंदिवस सुया हातात."

"गेल्या आठवड्यात ह्याच गल्लीत दुसऱ्या घरी बघितला की हा. तिथली पोरगीबी मीच विणला म्हणत होती."

"पुस्तकातला नमुना असेल एकच."

"नमुना एक असंल. पण डाव्या बाहीची कड गडद हाय, तीबी पुस्तकातच हाय व्हय?"

ती कड माझी. लोकर संपली, तोच रंग पुन्हा मिळेना, जरासा गडद मिळाला. तोच घातला.

मामाचा लाडू तोंडातच राहिला. मुलगा पंख्याकडं बघत बसला. पोरगी मात्र सरळ म्हणाली, "मला सुई धरता येत नाही. टायपिंग येतं. स्वेटर त्या काकूंचा आहे."

"पोरगी खरं बोलली," होटगीच्या बाई उठल्या, "पण आईच्या खोटेपणाशी सोयरीक न्हाय करायची मला." मोडलं. मुलाचा पगार मामानं फुगवून सांगितला होता, तो मात्र कुणी उलटा करून बघितला नाही. आणि शेजारीण मलाच म्हणते, "तुमच्या स्वेटरनं माझ्या पोरीचं लग्न मोडलं!" घ्या!

दुसऱ्या दिवशी पोरगी स्वेटर परत द्यायला आली. चेहरा असा मोकळा, जणू परीक्षेच्या यादीतून नाव कमी झालंय. "काकू, आता शिकवा मला. आता कुणाला दाखवायचं नाही."

तिचे पहिले टाके इतके आवळलेले, की सुई निघेना. आम्ही दोघी ओढतोय, तोवर दारात होटगीच्या बाई! हातात लोकरीची पिशवी. "त्या बाहीवर हात कुणाचा, ते बघायला आले," म्हणाल्या आणि बसल्याच. नाकारलेल्या पोरीनं लच्छी धरली, नाकारणारीनं गोळा केला. शेजारीण खिडकीतून हे बघत होती. तिचा आ वासला तो मिटेचना. बाईंनी त्या दिवशी इतकं बोलून घेतलं, जणू वर्षानुवर्षं तोंडाला कुलूप होतं.

गाडीची वेळ झाली तशा उठल्या, पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "आमच्याकडं लोकरीतलं कुणाला कळत न्हाय गं. हिला घेऊन ये होटगीला. पोरगा ड्यूटीवर असंल, पोरी, भिऊ नगंस. नवरा बघायला न्हाय, लोकर बघायला या. लवकर या बगा."