माशांचं घर आणि भिवाच्या मेंढ्या

हे मी अजून कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, असा तिचा समज आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. आटपाडीकडे माझी डाळिंबाची बाग आहे. गाव मला मेजर म्हणतं. मेजर मी कधीच नव्हतो, पण आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो. मला एक जुनी खोड आहे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. कालव्याचं पाणी येऊन आमचा तलाव भरायला लागला, गावानं मिळून त्यात रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडली, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला — एवढ्या पाण्यात मासा नेमका बसतो कुठे? उघड्यावर की आडोशाला? आणि आडोसा आपणच करून दिला तर?

मोबाईलवर बघितलं. परदेशातला कुणी एक बाबा प्लॅस्टिकच्या नळ्यांचं झाड करून तळ्यात बुडवत होता. त्यावर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे येतात, किड्यांमागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. काय डोकं! मला रात्रभर झोप नाही. माझी बाग तेव्हा नुकतीच छाटलेली, बांधावर फांद्यांचा ढीग पडलेला. ठिबकच्या जुन्या नळ्यांनी मोळ्या बांधल्या, त्यांना दगड लावले आणि ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावात सोडून आलो. खुणेला तिथं एक रिकामा कॅन दगडाला बांधून तरंगत ठेवला.

तलावाचे नियमही मीच घालून दिले होते. लहान मासा परत सोडायचा, गाभोळीच्या, म्हणजे मासा अंडी घालतो त्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, पाण्यात कसलंही औषध जाऊ द्यायचं नाही. फौजी माणूस सांगतोय म्हटल्यावर लोक ऐकायचे. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू?

आता त्या फांद्यांबद्दल. त्या वर्षी बागेवर तेल्या रोग पडला होता. मी सारखा फवारत होतो — मोरचूद, चुना, शिवाय दुकानदार हातात देईल ते. फांद्यांवर निळसर थर बसला होता. रोगाची छाटणी जाळून टाकायची असते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मला माशांचं घर बघायचं होतं, आणि तेही लगेच.

उन्हाळ्यामुळे पाणी तळाला गेलं होतं. एका सकाळी कॅनच्या भोवती काही बोटुकली पोट वर करून तरंगताना दिसली. ऊन फार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिवानं मेंढ्या आणल्या. भिवा आमच्या गावचा मेंढपाळ, माझ्याहून थोरला. कातरणीआधी मेंढ्या धुवायच्या म्हणून त्यानं त्या तलावात घातल्या, आणि आदल्याच दिवशी त्यांना गोचिडाचं औषध लावलेलं होतं. संध्याकाळपर्यंत कॅनाभोवती खच पडला आणि काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला.

गाव गोळा झालं. सगळ्यांच्या आधी भिवानंच हात जोडले. "माज्यामुळंच झालं ह्ये. मला ध्यानातच आलं न्हाई." त्याच्या मेंढ्यांना तलाव बंद करायचं ठरलं. मी तिथंच उभा होतो. आदल्या दिवशीचे मासे मला आठवत होते. मी बोललो का? नाही.

पण खोड जाते कुठे? दोन बादल्या घेतल्या, माझ्या शेततळ्यातली माशांची पिल्लं दोन्हींत सोडली. एकीत माझ्या डाळिंबाची फांदी टाकली, दुसरीत बाभळीची. संध्याकाळी बाभळीच्या बादलीतली पिल्लं सुळसुळत होती. दुसरीतलं एकही हलत नव्हतं. म्हणजे मला नुसती शंका नव्हती — मला कळलं होतं. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, त्या मोळ्या ओढून काढल्या आणि जाळल्या. कॅन तेवढा तिथंच राहू दिला.

पुढे गावानं पुन्हा बोटुकली सोडली, मी त्याच जागी धुतलेल्या बाभळीच्या फांद्या सोडल्या, आणि खरंच मासे आले. आता लोणंदहून, मिरजेकडून लोक बघायला येतात. मी त्यांना शेवाळ दाखवतो, नियम समजावतो, आणि वर एक गोष्ट सांगतो — एका मेंढपाळाच्या निष्काळजीपणानं आमचा तलाव कसा मेला होता. नाव घेत नाही. न घ्यायला काय, गावाला ते माहीतच आहे. गप्प बसणं निराळं, आणि हे निराळं. हे मी रंगवून सांगतो. लोक मान डोलावतात आणि मला बरं वाटतं.

भिवा उन्हाळ्यात मेंढ्या लांबच्या ओढ्यावर पाजायला नेतो. त्याचे गुडघे गेलेत. परवा माझ्या बांधावर टेकला आणि म्हणाला, "आवं मेजर, येक इचारू? लय दिस डोक्यात हाय. मेंढरं म्या पार सांडव्याकडं धुतली हुती. मग मासं त्या कॅनापाशीच का जास्ती मेलं असत्याल?"

इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्याच जातकुळीचा प्रश्न होता तो.

मी म्हणालो, "वाऱ्यानं औषध तिकडं वाहत गेलं असेल."

"व्हय, तसंच आसंल," भिवा म्हणाला, आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.