घंटा वाजली की बसायचं

पर्यटकांची पांढरी बोट मिसिसिपीच्या बांधाला लागली की माझी बस तिथं उभी असते. पाहुणे उतरतात, उकाड्याच्या नावानं कुरकुरतात आणि मी त्यांना उसाच्या फडांमधून जुन्या मळेवाल्याच्या मोठ्या घरापाशी नेऊन सोडतो. बसमध्ये त्यांना दोनच प्रश्न पडतात. एक, संडास कुठं आहे. आणि दुसरा, इथले मालक गुलामांना तसे बरे वागवायचे ना हो? मी सांगतो, संडास उजव्या हाताला आहे.

मग ते खांब बघतात, झुंबर बघतात, मालकिणीचा पलंग बघून हळहळतात, बिचारी ऐन तारुण्यात तापानं गेली म्हणून. ज्या अंगणात माणसं विकली तिथं आता लग्नं लागतात. आणि निघताना प्रत्येकाला घंटा वाजवू देतात. हीच घंटा आमच्या पणज्या-खापरपणज्यांना अंधारात उठवून उसात हाकलायची. पाहुणे तिचा दोर ओढून खिदळतात, फोटो काढून घेतात.

त्या घराच्या स्वयंपाकघरात क्लोटिल होती. तिला कुणी क्लोटिल म्हणत नसे. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी जी बाळाला हातात धरते ती नानन, आणि मोठ्या घरामागं, गुलामांच्या जुन्या खोपट्यांची आमची जी गल्ली, तिथल्या निम्म्या लेकरांना तिनंच धरलेलं, त्यात मीही आलो. म्हणून ती सगळ्यांचीच नानन. बुटकी, जाडजूड, तोंडानं फटकळ. तिचा गंबो, म्हणजे भेंडी-कोळंबीचा दाट, तिखट रस्सा, खाऊन पाहुण्यांना घाम फुटायचा आणि तरी ते वाटी पुढं करायचे.

घंटा वाजली की नानन बसायची. हातात काय आहे हे बघायची नाही. परात खाली ठेवायची आणि जिथं असेल तिथं बूड टेकायची. घंटा थांबेपर्यंत उठायची नाही.

हे तिचं एकटीचं खूळ नव्हतं. गुलामीतून सुटका झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी मालकानं रोजच्यासारखी घंटा वाजवली. जसं काही घडलंच नाही! तेव्हा सगळी गल्ली आपापल्या पायरीवर येऊन बसली. तो वाजवत राहिला, गल्ली बसून राहिली. तेव्हापासूनचा आमचा हा नेम. पुढं घंटा काढून गोठ्यात टाकली, नेमही मागं पडला. मग पर्यटनाचं वारं आलं, घंटा घासूनपुसून पुन्हा टांगली, आणि बसणारी उरली एकटी नानन. बाकीचे गेले कारखान्यांत. ज्यांना आठवत होतं त्यांना लाज वाटायची.

"तू का नाही बसत रे आल्सीड?" ती मला विचारायची.

"मी ड्रायव्हर आहे नानन. मी बसलेलाच असतो."

"पगारासाठी बसतोस मेल्या. ते मी धरत नाही." आणि मग सूर उतरायचा. "मी गेल्यावर कोण बसणार रे? ही बया वाजत राहील, आणि लोकांना वाटेल आम्ही सगळे उठलो."

मी गंबो संपवायचो आणि बस पुसायला जायचो.

मग टॅलबट नावाचे नवे व्यवस्थापक आले. चकचकीत बूट, गोड जीभ. त्यांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. घंटा वाजली की नाननं जुन्या काळचा झगा आणि डोक्याला फडकं बांधून, गंबोचं पातेलं घेऊन ओसरीवर यायचं. पाहुण्यांना कसं, सगळं खरं खरं वाटेल.

पहिल्या दिवशी टॅलबटनी स्वतः दोर ओढला. ओसरी भरलेली, चमचे तयार. नानन आलीच नाही. टॅलबट आत गेले तर बाई चुलीपाशी स्टुलावर, हाताची घडी घालून.

"मिस क्लोटिल, घंटा झाली!"

"ऐकू येतं मला."

"मग उठा की!"

"थांबवा, मग उठते."

"लोक भुकेले आहेत हो."

"माझी माणसंपण होती," नानन म्हणाली.

टॅलबट लाल झाले. उठा नाहीतर उद्यापासून येऊ नका, म्हणाले. नाननं झगा घडी करून त्यांच्या हातात दिला आणि घंटा थांबल्यावर घरी चालती झाली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना डब्यातला गंबो मिळाला. चार घास खाऊन त्यांनी नाकं मुरडली. टॅलबटना काही फरक पडला नाही, कारण घंटेचे फोटो चांगले आले होते.

नानन त्यानंतर फार जगली नाही. दुपारी पायरीवर बसायची. बोट आली की घंटा ऐकू यायची, आणि ती आधीच बसलेली असल्यामुळे चिडायची. मग मुद्दाम उठून उभी राहायची, आणि पुन्हा बसायची.

ती गेली त्या आठवड्याच्या शनिवारी चर्चपासून कबरस्तानापर्यंत आम्ही तिला बँडच्या साथीनं खांद्यावरून नेलं. वाट मोठ्या घरावरून जाते. मी पुढच्या बाजूला होतो. माझी बस त्या दिवशी दुसराच कुणी चालवत होता, आणि ती पाहुण्यांसकट आमच्या मागं अडकली होती. फाटकाशी टॅलबट उभे होते, टोपी छातीशी धरून, चेहरा अगदी घरचं माणूस गेल्यासारखा. आम्ही जवळ आलो तसे ते गंभीरपणे वळले आणि नाननच्या सन्मानार्थ घंटा वाजवू लागले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसाला काहीच कसं कळत नाही!

"खाली," मी म्हणालो. एवढंच.

शवपेटी रस्त्यावर अलगद टेकली. मी तिच्या शेजारी बसलो, चर्चचे ठेवणीतले कपडे धुळीत. माझ्यामागं बाकीचे खांदेकरी बसले. मग बायका, मग कारखान्यांतून रजा काढून आलेले, मग बँडवाले, वाद्यं मांडीवर घेऊन. सगळी गल्ली रस्त्यावर बसली. बसच्या खिडक्यांतून फोटो निघत होते.

आम्ही बसलो हे बघून टॅलबटना गहिवरून आलं. त्यांना वाटलं, घंटेला मान दिला. ते आणखी जोरात वाजवू लागले. ते वाजवतात म्हणून आम्ही बसलेले, आणि आम्ही बसलोय म्हणून ते वाजवतायत. उठून जाऊन सांगायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी त्यांचाच हात भरून आला. घंटा थांबली. मग आम्ही उठलो आणि नाननला उचललं.