मागच्या कडेचा रंग

जहाजांना पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्यांची चाचणी घेणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे 'रंगवाल्या बाई' म्हणत. आधी ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. नवरा गेला, संसार अंगावर पडला, तेव्हा इथे लागली. काम एवढंच, की पंख्याच्या वीतभर पितळी नमुन्याच्या पात्यांवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा. मग तो पंखा काचेची खिडकी असलेल्या पाण्याच्या बोगद्यात अर्धा तास फिरे. पाण्यात बुडबुडे उठून जिथे फुटत, तिथला रंग उडे. खऱ्या जहाजाच्या पात्याला तिथेच खड्डे पडणार, असं धरायचं.

एकदा रंग पात्याच्या मागच्या कडेशी उडाला. बुडबुडे तर पुढच्या कडेला दिसत होते. इंजिनिअर साहेबांनी खापर बाईंवर फोडलं.

"तेल नीट पुसलं नव्हतं का?"

"पुसलं होतं, साहेब."

"मग रंग काय आपणहून निघाला?"

तिने पाती घासून पुन्हा रंगवली. रंग तिथेच उडाला. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा ती खिडकीशी जाऊन बसली. पंख्याच्या फेरीच्या तालावर लुकलुकणाऱ्या दिव्यात पातं थांबल्यासारखं दिसे. दिव्याची वेळ तिने बटणाने जराजराशी पुढे सरकवली. पुढच्या कडेवर बुडबुड्यांची पांढरी चादर पसरली, तिचा लचका तुटला, मागे वाहत गेला आणि मागच्या कडेशी गडप झाला.

"साहेब, हे जन्मतात इकडे, मरतात तिकडे. मार बसतो तो मरताना."

"नाचता येईना अंगण वाकडं," साहेब हसले आणि अहवालात 'रंगकामातील दोष' लिहून मोकळे झाले.

"आणि तू ऐकून घेतलंस?" घरी बहीण तडकली.

"मी बोलले की. ऐकणाऱ्यालाही कान लागतात."

दीड वर्षाने त्याच आकाराचा पंखा बसवलेलं जहाज दुरुस्तीला आलं. तिथून आलेल्या फोटोत पात्यांची मागची कड चाळणीसारखी झालेली. साहेब स्वतः रंगाच्या खोलीत आले.

"बाई, तुमचा रंग बरोबर होता."

"मग अहवालातलं ते वाक्य खोडा."

त्यांनी तिच्यासमोर खोडून सही केली. पुढे पात्याचा आकार बदलला. बाईंना बरं वाटलं, पण फार नाही. मधल्या काळात तो अहवाल बऱ्याच जणांनी वाचला होता.