शेषरावांची मान

शेषराव गेल्याचं त्यांच्या शेजाऱ्यानं सेनगावहून फोन करून सांगितलं. "झोपेतच गेले, तकलीफ न्हाई झाली," तो म्हणाला. मला हायसं वाटलं... तकलीफ त्यांनी आधीच पुष्कळ भोगली होती.

ते सर्जन, मी भूलतज्ज्ञ. नव्वदच्या दशकात आखाडा बाळापूरच्या एका छोट्या दवाखान्यात आम्ही बरोबर काम करायचो. तांड्यावर वाढलेला हा माणूस चांगलाच उंच, आणि तिथलं ऑपरेशनचं टेबल बुटकं. वरखाली करायचा दांडा गंजून बसलेला. हर्निया, अपेंडिक्स, सिझेरियन... शेषराव तासन्‌तास वाकून उभे. "टेबलाखाली विटा लावू," मी म्हटलं, तर म्हणाले, "पेशंट हलंल ना. मी वाकतो की."

पुढं मानेतली नस दबली. एका दुपारी पेशंटचं पोट उघडं असताना त्यांचा हात थांबला. "वानखेडे, अंगठ्याला काही कळूनच नाही राहिलं," ते हळूच म्हणाले. उरलेले टाके त्यांनी डाव्या हातानं, फार सावकाश घातले. पेशंट बरा होऊन घरी गेला. कुणाला काही कळलंही नसतं. पण हात धुताना ते म्हणाले, "हे शेवटचं."

"महिनाभर आराम करा, मग बघू."

"अन्‌ पुन्हा असंच झालं तर? हात माझा हाय, पोट त्याचं हाय."

त्यानंतर त्यांनी चाकू धरला नाही. सेनगावला एकटेच राहू लागले. पत्नी आधीच गेलेली, मुलगी पुण्याला. जुने पेशंट यायचे, तर ते दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगून त्यांना परत पाठवायचे. मी जायचो तेव्हा चहा व्हायच्या आत बोलणं संपायचं... मग दोघंही रस्त्यावरच्या जीपगाड्या बघत बसायचो.

एकदाच त्यांना उठून निघालेलं पाहिलं. बाळापूरला नवी सर्जन मुलगी आल्याचं कळताच ते एसटीनं तिथं गेले. "आधी टेबल कोपराच्या उंचीला आण, मगच चाकू उचल," त्यांनी तिला सांगितलं. "तुझी मान गेली, तर इथल्या लोकांनी जायचं कुठं, लेकरा?" तिनं अडून बसून नवं टेबल मागवून घेतलं.

दिवसकार्य झाल्यावर पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीसोबत घर आवरायला गेलो. मान खाली वळत नव्हती, म्हणून ते वर्तमानपत्र भिंतीवर स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला बांधलेल्या दोरीला क्लिपांनी लावून उभ्यानं वाचत. शेवटचा अंक तसाच लटकत होता, आतलं पान उलटायचं राहिलेलं.

"काढू का, काका?" मुलीनं विचारलं.

"थांब," मी म्हटलं. पान उलटलं, आणि मान वर करून ते शेवटपर्यंत वाचून काढलं.