परब भावोजींचा जंगलातला डबा

"परब अंकल दर गुरुवारी जंगलात जायचे ना, त्यांच्याबरोबर म्हणे एक बाई..."

आणि लिफ्टचं दार बंद झालं!

आता मला सांगा, असं अर्धं वाक्य कानात घेऊन माणसाने भेंडी चिरायची कशी? आमचं घर तळमजल्यावर, लिफ्टला चिकटून. स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजमध्ये उघडते. त्यामुळे सी विंगमधली कुठलीही बातमी आधी माझ्या ओट्यावर येते, मग वरच्या मजल्यांवर जाते. किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही, ते आपोआप साठतात. फक्त बहुतेक अर्धे असतात. उरलेल्या अर्ध्यासाठी पाय दुखवावे लागतात.

बोलणारा होता डॉमनिक, शाळेची व्हॅन चालवतो, आमच्या समोरच राहतो. ऐकणारी चौथ्या मजल्यावरची केतकी, कॉम्प्युटरवाली. मी सुरी टाकली आणि जिन्याने धावले. दुसऱ्या मजल्यावर गुडघा म्हणाला, बस झालं. तरी रेटलं. चौथ्यावर पोचले तेव्हा दोघं दारात उभं राहून बोलत होती, "टाकी कधी धुणार हे लोक?"

माझ्याकडे बघून केतकी म्हणाली, "काकू, तुम्ही? लिफ्ट बंद आहे का?"

"नाही गं," मी म्हटलं, "व्यायाम!"

*

परब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे परब भावोजी. मूळचे मालवणकडचे. आयुष्यभर टेलिफोनच्या केबली जोडल्या. रिटायर झाले आणि पुण्याच्या लेकीने त्यांना चांगला फोन दिला, तिथून हे डब्याचं वेड लागलं.

खेळ साधा आहे. एकाने कुठेतरी डबा लपवायचा, आत छोटी वही ठेवायची. जागा फोनवर टाकायची. मग ओळख ना पाळख अशी माणसं फोन बघत बघत तो डबा शोधतात, वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथे ठेवून देतात. बस! बक्षीस नाही, काही नाही.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बिल्डिंगमागच्या बागेत, पिंपळाच्या बुंध्याशी मला एक स्टीलचा डबा सापडला. झाकणावर 'व. परब' कोरलेलं. मी म्हटलं, भावोजी विसरले बहुतेक. घरी आणला, आतली वही बाजूला काढली, चिंचेने घासला. आता शेजाऱ्यांचा डबा रिकामा कसा परत करायचा? बेसनाचे पाच लाडू भरले आणि वहीसकट नेऊन दिला. "भावोजी, बागेत राहिला होता तुमचा."

भावोजींनी डबा बघितला, मला बघितलं. लाडू ताटलीत काढले, वही उघडली आणि लिहिलं, "मंगल यांस सापडला. लाडू उत्तम. तूप थोडं कमी."

त्या दिवसापासून मी मंडळात! मी, केतकी, डॉमनिक आणि भावोजी. गोराईपासून जोगेश्वरीपर्यंत आम्ही डबे शोधले. मी प्रत्येक वेळी काहीतरी खायला ठेवू बघायची आणि भावोजी प्रत्येक वेळी ते काढून खायचे.

भावोजींची बायको, सुनंदावहिनी, मात्र कधीच आल्या नाहीत. एकदाही नाही. सगळ्या बिल्डिंगीला माहीत आहे हे.

*

एक डबा भावोजींनी नॅशनल पार्कमध्ये ठेवला होता. जंगलात असं काही ठेवायचं नसतं, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळलं. माकडं उचलतात, हरणं प्लास्टिक खातात, म्हणून मनाई आहे. कळलं त्या दिवशी त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "पुढच्या गुरुवारी काढून आणतो."

पुढच्या गुरुवारी ते हॉस्पिटलात होते.

गेल्या वर्षी, गणपती उठल्यावर आठव्या दिवशी गेले. शेवटी शेवटी बोलणं तुटक व्हायचं. वहिनींना म्हणाले, "तो डबो हाडूक व्हयो. जंगलात आपला काय ठेवचा नाय." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला वाटलं घराचं, लेकीचं काही सांगतील. सांगितलं ते डबा आणायचं.

वर्षश्राद्ध झालं आणि वहिनी खाली माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "मंगल, माका तो डबो हाडूचो हा. मी स्वता जातलंय."

"वहिनी, गुडघे?"

"गुडघे हंयसर ठेवून जातंय मगे!"

*

तर अशा वेळी ते लिफ्टमधलं अर्धं वाक्य. माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी डॉमनिकला चहाला बोलावलं. चहा समोर ठेवला, साखरेचा डबा मांडीवर ठेवला.

"ताई, साखर?"

"आधी बाई."

"कोण बाई?"

"लिफ्टमधली."

डॉमनिक तसा सरळ माणूस. बिनसाखरेचा अर्धा कप कसाबसा प्यायला आणि मग बोलला. भावोजी असताना तो एकदा एकटाच जंगलातला तो डबा शोधून आला होता. वहीत पानंच्या पानं भरलेली, सगळं भावोजींचं अक्षर. दर गुरुवारची तारीख, आणि खाली दोन नावं. एक परब.

"आणि दुसरं?"

"चंपी."

"चंपी कोण?"

"मला काय माहीत? मी काय विचारू अंकलना? मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाय म्हणून गप्प होतो. पण आता वहिनी स्वतः जाते बोलली, म्हणून केतकीला सांगितलं."

मी साखरेचा डबा त्याच्याकडे सरकवला. मलाच चहा जाईना.

पुढचे चार दिवस मी चंपी शोधली. आमच्या विंगेत चंपी नाही. बी विंगमध्ये चंपाबेन, त्या ब्याऐंशीच्या, व्हीलचेअरवर. स्टेशनजवळच्या फुलवालीला नाव विचारलं तर ती म्हणाली, "रेश्मा. का वो?" मी उगाच दोन गजरे घेऊन आले.

माणूस वीस वर्षं दारावरून गेला. पाणी आलं का, गॅसवाला येऊन गेला का, सगळं विचारलं मी त्याला. आणि हे मला कळलं नाही! राग कशाचा आला सांगू? फसवलं वहिनींना, त्याचा आला की मला कळलं नाही त्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

भावोजी सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत यायचे. वहिनींना ते अंतर एका दमात झेपणारं नव्हतं. केतकीने मार्ग काढला. जंगल खात्याने नेमून दिलेल्या कॅम्पच्या जागेवर संध्याकाळी पोचायचं, तंबूत राहायचं, सकाळी उन्हाच्या आधी डब्यापर्यंत जायचं. सगळं परवानगी काढून.

माझ्या घरी मीटिंग झाली. केतकीने यादी वाचली. चूल पेटवायची नाही, गाणी लावायची नाहीत, खाण्याचं काही उघड्यावर ठेवायचं नाही, कचरा परत आणायचा.

डॉमनिकने हात वर केला. "खिमा पाव डब्यातून चालेल?"

वहिनी म्हणाल्या, "माझो गुरुवार आसा."

"आपण शनिवारी जातोय, वहिनी."

"मगे हाड."

परवानगीला वहिनी स्वतः आल्या. फॉर्मवर रकाना होता, जाण्याचा उद्देश. केतकी खेळाचं इंग्रजी नाव लिहायला लागली. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, हे काय असतं? केतकी समजावत बसली, फोन, उपग्रह, नकाशा. साहेबांचा चेहरा अजून कोरा.

वहिनी पुढे झाल्या. जपून, शाळेतल्यासारखं शुद्ध बोलल्या, "माझ्या मिस्टरांची एक वस्तू आत राहिली आहे. ती आणायची आहे. त्यांना यायला जमणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. मग विचारलं, "कुठल्या शनिवारी?"

*

आम्हा तिघांचा एक गुप्त प्लॅन होता. वहिनींना कॅम्पवर थांबवायचं, डॉमनिकने पुढे जाऊन डबा काढायचा, वहीची पानं फाडायची, मग कोरी वही वहिनींच्या हातात. एका विधवेचं चाळीस वर्षांचं लग्न वाचवायचं होतं आम्हाला. दुसरं काही नाही.

कॅम्पवर संध्याकाळी मी सुरुवात केली. "वहिनी, सकाळी तुम्ही इथेच बसा. थंडी असते. आम्ही घेऊन येतो."

वहिनी तंबूच्या भोवती दुसरी फेरी मारत होत्या. "हेका दार खंय?"

"ही चेन उघडायची."

त्या वाकून आत शिरल्या, पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "मंगल, तू माका टाळतंस."

"नाही हो!"

"ह्ये पण टाळीत नाय. दर गुरुवारी दारात चपला घालून इचारीत, 'येतंस?' मी म्हणी, 'माका काम आसा.' काम खंयचा? दोन माणसांचो भात. पण म्हणी. बरा वाटी, कोणतरी इचारता म्हणून. माका वाटला, इचारीतच रवतले."

बाहेर डॉमनिक आणि केतकी खिमा आणि पाव वाटत होती. वहिनी उशाला पदर ठेवून आडव्या झाल्या. म्हणाल्या, "उद्या डबो मीच उघडतलंय. कोणी हात लावूचो नाय."

मी बाहेर येऊन डॉमनिकला नुसती मान हलवली. त्याने छातीवर क्रूस काढला.

*

सकाळी आमच्याबरोबर जंगल खात्याचा एक गार्ड आला. तरुण, पण वागायला रीतीचा. वहिनींच्या चालीने चालला. त्याच्या हातात एक फॉर्म होता, डबा ताब्यात घेतला की भरायचा.

फोन बघत केतकीने एका मोठ्या दगडाकडे बोट दाखवलं. डॉमनिकने एकदम वेग घेतला. गार्ड म्हणाला, "भाऊ, थांबा. दगडाखाली साप असतो कधी कधी." त्याने काठीने आधी ठोकून बघितलं, मग हात घालून डबा काढला. प्लास्टिकचा, टेलिफोनवाल्या काळ्या टेपने गुंडाळलेला. मी हात पुढे केला.

"ज्यांचं सामान त्यांनाच देतो," गार्ड म्हणाला आणि डबा वहिनींच्या हातात दिला.

वहिनी दगडावर बसल्या. टेप उलगडायला बराच वेळ लागला. मी डॉमनिककडे बघितलं, डॉमनिक झाडाकडे, केतकी आपल्या बुटांकडे. वही निघाली. वहिनींनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग वाचेनात, नुसती पानं उलटत राहिल्या. प्रत्येक पानावर बोट दुसऱ्या नावापाशी थांबायचं.

मला राहवेना. "वहिनी, सोडा ना. माणूस गेला. कोण का असेना ती..."

"कोण ती?"

"ती... चंपी."

वहिनींनी मान वर केली. "मी मगे."

केतकीची नजर बुटांवरून वर आली.

"म्हायराचा नाव माझा. चंपावती. लग्नात सासूने बदलल्यान. तांदळात सुनंदा लिव्हल्यानी, झाला. मगे रेशनकार्डार सुनंदा, दारार सुनंदा. आई गेली तेच्यानंतर चंपी म्हणणारा कोण उरलाच नाय." त्यांनी वहीवरून तळवा फिरवला. "ह्येनी तर चाळीस वर्षांत कधी हाक मारूक नाय. अगो म्हणत. माका वाटला, इसारले."

केतकी रडायला लागली. डॉमनिकने टोपी काढली. मी काय केलं ते मला आठवत नाही, पण गार्डने मला पाण्याची बाटली दिली, एवढं आठवतं.

मग तो बिचारा फॉर्म काढून वहिनींच्या शेजारी उकिडवा बसला. त्याला त्याचं काम होतं. "आजी, वस्तू कोणी ठेवली, ते लिहिलं. व. परब. आता ही वहीतली दुसरी व्यक्ती, चंपी. या कोण?"

"मी."

"म्हणजे तुम्ही पण यायचात काकांबरोबर?"

डॉमनिकने तोंड उघडलं. मी त्याचा हात घट्ट धरला.

वहिनींनी वही मिटली, पदर नीट केला आणि गार्डकडे बघून शुद्ध, शाळेतल्या मराठीत म्हणाल्या, "हो. दर गुरुवारी."

त्याने लिहून घेतलं.