एका डब्यातली दोन बिऱ्हाडं

आमच्या साडूंइतका सावध माणूस उभ्या मुंबईत सापडणार नाही. एकदा ते दादरला आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा रुमाल काढताना त्यांच्या खिशातून घराच्या किल्ल्यांचे तीन जुडगे पडले. "एक हरवला तर?" ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, पण तिन्ही एकाच खिशात आहेत." त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी मुकाट्याने आमटी वाढून घेतली.

घोडपदेवच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत त्यांचा संसार. सगळ्या नातलगांचे फोटो, बारशांचे व्हिडिओ, मेलेल्या माणसांची आधारकार्डं जपून ठेवण्याचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलेलं. त्यासाठी घरात एक मोठा साठवणीचा संगणक हवा होता, आणि रोजच्या कामाला वेगळा. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "दोन मशिनं आली तर मी गॅलरीत राहायला जाते." तेव्हा साडूंनी पाच महिने खपून एकाच डब्यात दोन संगणक वसवले. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, हे त्यांनी मला भजी पार थंड होईपर्यंत समजावलं. "सिंपल आहे हो. बाबांच्या वेळी याच खोलीत दोन बिऱ्हाडं होती. मधे लुगड्याचा पडदा. तसंच. अलीकडे बसून तुम्ही लाइटचं बिल भरा, पलीकडे गोदाम. याचं त्याला कळत नाही."

डबा देव्हाऱ्याशेजारी अखंड घरघरत असे. वीज गेली की पंखा बंद होई, फ्रिज बंद होई, बॅटरीवरचा डबा नाही. गावाहून सासूबाई महिनाभर राहायला आल्या, तेव्हा तिसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "जावयानू, ह्यो डबो तुमका जेवाक घालतलो काय?" त्याच सासूबाई गावाहून दोन्ही मुलींना रोज फोनवर आवाजी निरोप पाठवत. पाऊस, म्हैस, शेजारणीचे गुडघे, आणि शेवटी ठरलेलं, "गो चेडवा, जेवलंस मा?" दोघींनी फोन बदलले तेव्हा साडूंनी ते शेकडो निरोप डब्यात उतरवून घेतले आणि जुने फोन स्वच्छ पुसून टाकले. पुढच्याच वैशाखात सासूबाई गेल्या. तेव्हापासून त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. दोघी बहिणी अधूनमधून डब्यापुढे बसून तो ऐकत आणि डोळे पुसत चहा टाकायला उठत.

मग खंडेनवमी आली. साडूंचे वडील गिरणीत होते. ते त्या दिवशी आपला साचा, म्हणजे कापडाचा माग, थांबवून, पुसून त्याला हार घालायचे. चालत्या यंत्राला हळदकुंकू लावायचं नाही, हा त्यांचा दंडक. दीड वर्षं एकदाही न विझलेला डबा साडूंनी वडिलांच्या शब्दाखातर बंद केला, झेंडूची माळ घातली, पेढा ठेवला. दसऱ्याला सकाळी सोनं द्यायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा तो पुन्हा चालू करण्याचा समारंभ व्हायचा होता.

डब्याने पासवर्ड मागितला; तो फक्त सुरू होतानाच लागायचा. साडू निर्धास्त होते, कारण पासवर्ड त्यांनी एका फाइलीत लिहून ठेवला होता. फाइल कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच राहिलं. "पण तीन कॉप्या आहेत," ते हळूच म्हणाले. तिन्ही कॉप्या डब्यातच, तीन वेगळ्या डिस्कवर, एकाच कुलपाआड. मला किल्ल्यांचे जुडगे आठवले आणि हसू येणार तेवढ्यात माझ्या बायकोचं तोंड दिसलं.

साडूंना एवढंच आठवत होतं, की पासवर्ड म्हणजे सासूबाईंच्या तोंडचं एक वाक्य होतं. कुठलं, ते काही केल्या आठवेना. त्यामुळे गेले वर्षभर दर रविवारी आम्ही घोडपदेवला जातो. दोघी बहिणी आई काय काय बोलायची ते आठवतात, मी दोनशेपानी वहीत लिहितो आणि साडू एका बोटाने डब्याला सांगतात. "तिन्हीसांजेक केस सोडू नको गो." नाही. "भात करपलो, नाक खंय ठेवलंस?" नाही. डबा सगळ्यांना सारखंच नाही म्हणतो. वही मात्र भरत आली आहे.

परवाच्या रविवारी मेव्हणी ओट्यापाशी उभी राहून, हुबेहूब आईच्या सुरात म्हणाली, "गो चेडवा, जेवलंस मा?" माझी बायको वर न बघता बोलून गेली, "जेवलंय गो आये." मग दोघी वहीवर वाकल्या. वही चाळून पाहिली, तर हे वाक्य तिच्यात नव्हतंच. इतकं रोजचं, की कुणाला सुचलंच नव्हतं.

"टाका ना," मी साडूंना म्हटलं.

साडूंनी कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "राहू द्या," ते म्हणाले. "हेही चाललं नाही तर? एक तरी शिल्लक पाहिजे."

इतक्या वर्षांत त्यांचा सावधपणा मला पहिल्यांदा पटला. मी ते वाक्य वहीत लिहिलं नाही.