छातीत दुखतंय म्हणायचं

"मिरजेच्या कॅज्युअल्टीत नुसतं आजारी असून भागत न्हाई गड्या, आजारी दिसावं लागतंय," असं बाळासो पुकळे एकदा बोलून गेला, आणि म्हसवडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांनी ते वाक्य बिरोबाच्या भंडाऱ्यासारखं कपाळाला लावून घेतलं.

बाळासो डॉक्टर नव्हता, कंपाउंडरही नव्हता. बाप मेंढरं राखायचा. वाटणीत मेंढरं भावाकडे गेली आणि बाळासोनं जीप घेतली. चार मेंढरं तेवढी बायकोनं, सुलाबाईनं, हट्टानं ठेवून घेतली. मेंढरांची वाट सुटली तरी वाट दाखवायची खोड काही सुटत नाही. बाळासो आजारी माणसं जीपमध्ये घालून मिरजेला नेऊ लागला. का, तर तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात त्याची 'वळख' होती. वळख म्हणजे दारावरच्या वॉचमननं कधीतरी त्याच्याकडून तंबाखू घेतली होती. एवढ्या भांडवलावर माणसं निवडून येतात. बाळासो फक्त आदरणीय झाला.

तासगाव मागं पडलं की जीपमध्ये तालीम सुरू व्हायची.

"आत गेल्यावर काय म्हणायचं?"

"पोटात कळा येत्यात."

"चुकलं. पोट समद्यास्नी असतंय. छातीत दुखतंय म्हणायचं."

यात बाळासोचं थोडंफार संशोधन होतं. दवाखान्याच्या भिंतीवर ठळक मराठीत पाटी होती : 'येथे आधी आलेल्याला नव्हे, अधिक धोक्यात असलेल्याला आधी तपासले जाते.' दाराशीच नर्स काय होतंय ते विचारते, नाडी, बीपी बघते, बोटाला चिमटा लावते आणि मनगटाला पट्टी बांधते. लाल पट्टीचा थेट आत, पिवळीचा थोड्या वेळानं, हिरवीवाल्यानं बाकावर बसून भिंतीचा रंग पाठ करायचा. लोक ही पाटी वाचून मुकाट बसत. बाळासोनं ती वकिलासारखी वाचली, भोक कुठं आहे ते बघत. भोक छातीत होतं. छाती म्हटलं की कॉट, वायरी, पंख्याखालची जागा. त्याच्या कृपेनं एका खरजेच्या रोग्याचासुद्धा कार्डिओग्राम निघाला आणि तो कागद त्या गड्यानं घरी देव्हाऱ्यामागं ठेवला.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर पेशंटचे नातेवाईक जमत. तालीम तिथंही चाले. सुलाबाई चहा आणून देई, आणि ते वाक्य ऐकत आत जाई.

एके दिवशी सकाळी कोकरं पाजायची अर्धी टाकून सुलाबाई उन्हात दगडावर बसली. बाळंतपणातही न बसलेली बाई बसली, म्हणून बाळासो जवळ गेला.

"काय गं?"

"काय न्हाई. जरा जळतंय. पित्त असंल."

त्यानं जीप काढली. परक्यांना मिरज दाखवणाऱ्यानं घरच्या माणसाला गावच्या डॉक्टरकडे नेलं तर चार लोक काय म्हणतील! विट्यात सुलाबाई म्हणाली, "आवं, हितंच दावू की कुणाला तरी."

"हितं माझी वळख न्हाई."

वाटेवरचे दवाखाने दुखण्याच्या जवळ होते, पण वळखीपासून लांब होते. ते एकेक करून मागं गेले. तासगावच्या पुढं त्याची जीभ सवयीनं सैल सुटली.

"आत काय म्हणायचं ठावं हाय न्हवं?"

सुलाबाई बाहेर द्राक्षांच्या बागांकडे बघत होती. "ठावं हाय," ती म्हणाली.

दारावरचा वॉचमन बदलला होता. नवीन पोरगा तंबाखू खात नव्हता. बाळासोची वळख अशी एका दमात रिटायर झाली. आत शिवांजली सिस्टर होत्या.

"मावशी, काय त्रास होतोय?"

"त्याचं काय हाय सिस्टर—" बाळासोनं सुरुवात केली. आमच्याकडे बाईचं दुखणं पुरुषानंच सांगायची रीत आहे. दुखणारीनं फक्त खाली बघायचं.

"तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या. मावशी, छातीत दुखतंय का?"

"न्हाई," सुलाबाई स्वच्छ बोलली. "पित्त झालंय."

बाळासोनं कपाळाला हात मारला नाही एवढंच. सबंध तालुका पढवला आणि घरचं माणूस परीक्षेत कोरी पाटी घेऊन बसलं! सिस्टरनं नाडी, बीपी बघितलं आणि पिवळी पट्टी बांधली. "वय बघता एक ईसीजी काढू. कॉट रिकामी झाली की तुमचाच नंबर. घाम आला, दम लागला, तर लगेच हाक मारायची. लाजायचं नाही."

बाकावर शेजारी जतकडचा अर्जुना नावाचा गडी बसला होता. मोटारसायकल घसरून घोटा भोपळ्याएवढा झालेला, आणि मनगटाला हिरवी पट्टी.

"कवापासनं बसलोय पाव्हणं. माझ्यामागनं आलेली मानसं आत जात्यात."

इज्जत गेलेल्या माणसाला शहाणपण वाटल्याशिवाय राहवत नाही. बाळासो त्याच्या कानाशी वाकला. "पायाचं नाव काढू नगंस. छातीत दुखतंय म्हण."

"पर पाय सुजलाय की."

"तो काय पळून जातोय? पळायला पायच न्हाई त्याला."

अर्जुना गुणी विद्यार्थी निघाला. "आई गं, छाती!" करून असा लवंडला, की दोन माणसं धावली. नुकत्याच रिकाम्या झालेल्या कॉटवर त्याला घातलं, शर्ट वर केला, वायरी लावल्या. बाळासोची छाती फुगली.

"बघितलंस? वळख नसली तरी अक्कल हाय," तो सुलाबाईला म्हणाला.

तिनं पंजा छातीवर पसरून ठेवला होता, निसटू पाहणारं कोकरू दाबून धरावं तसा. कपाळावरून घाम निथळत होता.

"अगं, दुखतंय का काय?"

"व्हय."

"कुठं?"

"हितंच. छातीत. सकाळधरनं."

"मग मघाशी सांगायचं न्हाई व्हय!"

"ते तर खोटं बोलायचं असतंय न्हवं आपल्यात?" ती धापा टाकत म्हणाली. "माझं खरं दुखत हुतं. खऱ्याला काय म्हणायचं, ते कुटं शिकीवलंय तुमी?"

"सिस्टर!" बाळासो ओरडला. "छातीत दुखतंय!"

आवाज ओळखीचा होता. जीपमध्ये इतरांकडून घोटून घेतलेलाच सूर, तसाच्या तसा. तो ऐकून त्याची त्यालाच भीती वाटली, की कुणी हसेल. कुणी हसलं नाही. त्या खोलीत सगळ्यांवर विश्वास ठेवायचा वेडेपणा चालतो, म्हणूनच तर खोट्याचं तिथं फावतं. शिवांजली सिस्टरनं त्याच्याकडे नाही, सुलाबाईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अर्जुनाच्या कॉटकडे वळल्या.

"उतरा."

"पर सिस्टर, माझी छाती—"

"उतरा!"

अर्जुना एका पायावर उड्या मारत उतरला. त्याच्या अंगावरच्या वायरी सुलाबाईला लागल्या. निघालेला कागद डॉक्टरांनी वाचला, पिवळ्या पट्टीच्या जागी लाल पट्टी आली आणि सगळे एकदम बोलू लागले. हृदयाची शीर बंद पडली होती.

"कधीपासून होतंय?"

"सकाळपासनं."

"आणि म्हसवडहून इथं आणलंत? वाटेत विटा लागत नाही का?"

बाळासो भिंतीवरच्या पाटीकडे बघू लागला.

"औषधं कुठली चालू आहेत त्यांना?"

एकानं विचारलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं तेच. तिथं असंच विचारतात, कारण एकदा विचारून माणूस खरं सांगत नाही. साऱ्या वाड्यांची दुखणी तोंडपाठ असलेल्या बाळासोला बायकोचं एकही औषध सांगता येईना. सिस्टरनं तिची पिशवी उलटी केली. रुमालाच्या गाठीतून बीपीच्या गोळ्या निघाल्या.

सही घेऊन तिला आत नेलं आणि दार लागलं. बाळासो पाटीखाली बसून राहिला. खूप वेळानं डॉक्टर बाहेर आले. "शीर उघडली आहे. मघाशी कॉट रिकामी झाली तेव्हाच ईसीजी निघाला असता, तर हृदयाला इजा कमी झाली असती. जीव वाचलाय, पण इथून पुढं जपावं लागेल. आज भेटता येणार नाही."

डॉक्टर गेले. तेवढ्यात पायाला प्लास्टर घातलेला अर्जुना कुबडीवर हसत हसत समोर येऊन उभा राहिला.

"पाव्हणं, लय उपकार झालं बघा. तुमी नसता तर अजून बाकावरच असतो की. चला, च्या घिऊ. आन् तुमचा फोन नंबर द्या. आमच्या चुलतीचं गुडघं धरल्यात, तिलाबी हितंच आणतो. काय म्हणायचं तेवढं तिला नीट सांगून ठेवा."

बाळासोनं त्याच्या प्लास्टरकडे बघितलं. मग पलीकडच्या त्या कॉटकडे बघितलं. तिच्यावर आता तिसरंच कोणीतरी निजलं होतं आणि सिस्टर विचारत होत्या, "कुठं दुखतंय?" तो उठला, खाली पडलेली सुलाबाईची पिशवी उचलून त्यानं काखेत धरली आणि नंबर न देताच दाराबाहेर निघून गेला.